विभक्त माता-पिता, परदेशगमन आणि अपत्याचे हित

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित मसुदा)



या व्याख्यानमालेसाठी विषय कळवावा, असे कार्यवाहांचे पत्र मला आले, तेव्हा मी हाच विषय लिहून पाठविला. दुसऱ्या दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. ‘साहेब, सुवर्णमहोत्सवाचा मंगल प्रसंग आहे, विषय थोडा कडू होणार नाही का?’ मी म्हणालो, होईल. पन्नास वर्षांपूर्वी ट्रस्टची स्थापना झाली, त्या काळी आपल्या समाजातील मुलगा पुण्या-मुंबईस शिकावयास गेला तरी गावात त्याची वार्ता होत असे. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी क्वचितच असे घर असेल की ज्याचा एक उंबरठा कॅलिफोर्नियात, लंडनमध्ये, दुबईत किंवा सिडनीत नाही. घर जसे दूरवर पसरले, तसा घराला पडणारा तडाही दूरवर जाऊ लागला. पती-पत्नी विभक्त होतात, ही गोष्ट आता आपण निदान कुजबुजत का होईना, मान्य करतो. परंतु त्यानंतर लहान मुलाला कोण कोठे घेऊन गेले, कोणाच्या संमतीने नेले, यावर आपण बोलत नाही. बोलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. चाळीस वर्षांच्या वकिलीत मी हा उशीर फार जवळून पाहिला आहे. खेदाने सांगतो, एकदा तो माझ्याच हातून घडला आहे. त्याविषयी शेवटी बोलेन.

माझ्याकडे येणारी मंडळी बहुधा एका वाक्याने सुरुवात करतात. ‘वकीलसाहेब, मुलाचा पासपोर्ट आमच्या कपाटात आहे, मग अडचण काय?’ पासपोर्ट कपाटात असणे म्हणजे मुलाविषयी निर्णय घेण्याचा संपूर्ण अधिकार हाती असणे नव्हे. विमानतळावरील अधिकारी दर वेळी दुसऱ्या पालकाची संमती विचारतोच असे नाही, हे खरे. म्हणून ते कृत्य विधिवत झाले, असा अर्थ होत नाही.

अज्ञान मुलाच्या पालकत्वासंबंधीचा १९५६ चा ‘हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम’ आपल्यालाही लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये बौद्ध, शीख यांच्यासमवेत जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ६ अन्वये नैसर्गिक पालक प्रथम पिता आणि ‘त्यानंतर’ माता, आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे. हा ‘त्यानंतर’ शब्द वाचून आपल्याकडील कित्येक आजोबांनी सुनेला तिची जागा दाखविली आहे. पण १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या शब्दाचा अर्थ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ एवढाच नसून ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असाही घ्यावयाचा. पिता प्रत्यक्ष लक्ष देत नसेल तर त्याच्या हयातीतही माता नैसर्गिक पालक असते. आणि या सर्वांवर कलम १३ आहे. मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार. पित्याचा हक्क, मातेचा हक्क, आजोबांची प्रतिष्ठा, सर्व त्याच्या खाली.

ताबा आणि पालकत्व या दोन गोष्टी भिन्न आहेत, हेही लक्षात घ्यावे. न्यायालयाने ताबा एकाकडे दिला म्हणून दुसऱ्याचे पालकत्व पुसले जात नाही. मुलाच्या शिक्षणाविषयी, आजारपणाविषयी, देशांतराविषयी त्याचे काही म्हणणे असू शकते. इंग्लंडने १९८९ च्या बालक कायद्यात ‘पालकांचे अधिकार’ या जुन्या कल्पनेऐवजी ‘पालकीय जबाबदारी’ ही संज्ञा मुख्य स्थानी आणली. मला हा शब्दबदल फार मोलाचा वाटतो. अधिकार म्हटले की माणूस हात पसरतो; जबाबदारी म्हटले की त्याला निदान विचार करावा लागतो. आपली बरीच मुले-मुली तेथे राहतात म्हणून तेथील नियमही सांगतो. मूल ज्याच्याजवळ राहील असा न्यायालयाचा आदेश आहे, तो पालक मुलाला एक महिन्यापेक्षा कमी मुदतीसाठी देशाबाहेर नेऊ शकतो. त्याहून अधिक काळासाठी पालकीय जबाबदारी असलेल्या सर्वांची लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी हवी. आणि १९८४ च्या तेथील कायद्याने सोळा वर्षांखालील मुलाला आवश्यक संमतीविना देशाबाहेर नेणे हा जन्मदात्यांसाठीही फौजदारी गुन्हा आहे. अमेरिकेत १९९३ पासून असाच कायदा असून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणजे ‘आजीला भेटवून आणते’ म्हणून निघालेली आपली कन्या सांगलीत किंवा कोल्हापुरात पोहोचेपर्यंत तिच्यावर तिकडे वॉरंट निघालेले असू शकते. तिच्या माहेरच्यांना याची गंधवार्ताही नसते.

आपल्याकडे नैसर्गिक पालकाने आपलेच मूल नेले तर सहसा अपहरणाचा गुन्हा होत नाही. न्यायालयाचा मनाई आदेश असेल तर गोष्ट निराळी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही २०२३ मध्ये हाच आशय व्यक्त केला. पण गुन्हा नाही म्हणजे मुभा आहे, असे समजणाऱ्यांना मी १८९० चा ‘पालक व पाल्य अधिनियम’ वाचावयास सांगतो. न्यायालयाने नेमलेल्या पालकास कलम २६ अन्वये न्यायालयाच्या अनुमतीविना पाल्याला त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेता येत नाही. अपवाद फक्त नियमांनी ठरवून दिलेल्या कारणांचा. घटस्फोटाच्या दाव्यात ताब्याचा आदेश झाला असेल तर त्यातील अटी बंधनकारक असतात. आणि आपल्या समाजात अजूनही प्रचलित असलेला तो प्रकार, म्हणजे चार वडीलधाऱ्यांना बसवून स्टँपपेपरवर केलेला फारकतीचा कागद! त्यात ‘मूल आईने नेले, बापाचा काही संबंध नाही’ असे एक वाक्य हमखास असते. पंचांचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु मुलाच्या हिताविरुद्ध असा करार न्यायालयास बांधू शकत नाही, आणि बापाचा किंवा आईचा संबंध स्टँपपेपरने तुटत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. विभक्त झालेल्या आईला किंवा वडिलांना परदेशी नोकरी मिळाली, मूल त्यांच्याजवळ आहे, दुसऱ्या पालकाचा विरोध आहे, अशा वेळी काय करावे?

विचारावे. न विचारता जाऊ नये. हे ऐकावयास इतके साधे वाटते की लोक हसतात. पण विचारण्याने काय मिळू शकते, याचे एक उदाहरण आपल्या जवळचे, पुण्याचे आहे. एका संगणक अभियंता भगिनीला तिच्या कंपनीने पोलंडमधील क्राकूव येथील प्रकल्पावर दोन वर्षांसाठी जाण्याची संधी देऊ केली. नऊ वर्षांची कन्या तिच्याजवळ होती, पतीपासून ती विभक्त राहत होती. पतीने हरकत घेतली. मुलगी आपल्यापासून तुटेल, शिवाय शेजारी युक्रेन-रशिया युद्ध पेटलेले आहे, असे त्याचे म्हणणे. कुटुंब न्यायालयाने तिचा अर्ज नामंजूर केला. ती उच्च न्यायालयात गेली आणि जुलै २०२२ मध्ये न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी तिला मुलीसह जाण्याची परवानगी दिली. मूल की नोकरी, अशी निवड करण्याची वेळ आईवर आणता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. त्याच वेळी सुट्यांमध्ये प्रत्यक्ष आणि एरवी दूरचित्रसंवादाद्वारे पित्याची भेट चालू राहील, हेही न्यायालयाने पाहिले. मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते हे, की ती भगिनी रात्रीच्या विमानाने निघून गेली नाही. खालच्या न्यायालयात हरूनही तिने वरचे दार ठोठावले. परवानगी हाती आल्यावर तिने मुलीला नेले असेल, तेव्हा त्या मुलीला वडिलांपासून लपून जावे लागले नाही. या एका गोष्टीची किंमत करता येत नाही.

असा अर्ज करताना आपली मंडळी नोकरीचे पत्र आणि पगाराचा आकडा जोडतात आणि थांबतात. न्यायाधीशाला पगारात फारसा रस नसतो. त्याला मुलाचा दिवस पाहावयाचा असतो. तेथे शाळा कोणती, कोणत्या भाषेची, प्रवेश निश्चित झाला आहे काय? आई कामावर असताना मूल कोणाजवळ राहील? आजारी पडल्यास वैद्यकीय विम्याचे काय? मूल वडिलांशी कोणत्या वेळी बोलणार? पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तेथे शाळा सुटलेली असते की नसते, इतका बारीक विचार अर्जात दिसला पाहिजे. वर्षातून किती वेळा मूल भारतात येईल, तिकिटाचा खर्च कोण करील, नोकरीची मुदत वाढली तर पुन्हा परवानगी मागण्याची तयारी आहे काय, हे स्वतःहून लिहावे. विरोध करणाऱ्या पालकासही माझे हेच सांगणे असते. नुसते ‘माझी हरकत आहे’ असे लिहू नका. मुलाच्या शाळेत गेल्या वर्षी आपण किती वेळा गेला होतात, ते लिहा. लिहिण्यासारखे काही नसेल तर हरकतीचा पुनर्विचार करा. (हे वाक्य ऐकून माझे एक अशील उठून गेले होते. फी न देता गेले, हा निराळा भाग.)

पासपोर्टाविषयी दोन शब्द. अज्ञान मुलाच्या पासपोर्टासाठी दोन्ही पालकांच्या सहीचे विहित प्रतिज्ञापत्र लागते. एका पालकाची सही मिळत नसेल, तर त्याचे कारण आणि न्यायालयीन स्थिती सांगणारे निराळे प्रतिज्ञापत्र आहे. ती सोय विभक्त पालकांसाठीच आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र दावा चालू असताना ‘कोणताही दावा प्रलंबित नाही’ असे लिहून देणारे महाभाग मी पाहिले आहेत. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळविणे हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. तसेच नोटरीपुढे केलेल्या संमतीपत्रावर अपोस्टीलचा शिक्का मिळाला म्हणजे संमती पक्की झाली, असाही एक समज आहे. त्या शिक्क्याने सही व हुद्दा खरा असल्याचे परदेशात मानले जाते, इतकेच. संमती दबावाखाली दिली की मनापासून, हे शिक्का सांगत नाही.

हा झाला भारतातून बाहेर जाण्याचा प्रवास. परंतु आपल्या समाजात अधिक प्रकरणे उलट दिशेची असतात. संसार परदेशात असतो, तो तेथेच मोडतो, आणि एक पालक मुलाला घेऊन गावी परततो. येथून पुढे गोष्ट कायद्यापेक्षा काळाच्या हाती जाते, आणि हेच मला आज प्रामुख्याने सांगावयाचे आहे.

या विषयावरील एक जुना आणि प्रसिद्ध निकाल पुण्याशीच निगडित आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात घटस्फोट झाला, मुलाचा ताबा न्यायालयाने अमेरिकन मातेकडे दिला, भारतीय पित्याला भेटीचा हक्क मिळाला. जानेवारी १९८६ मध्ये शनिवार-रविवारच्या भेटीसाठी म्हणून पित्याने मुलाला शाळेतून नेले आणि थेट पुण्यास, आपल्या आई-वडिलांच्या घरी आणले. माता सर्वोच्च न्यायालयात आली. त्याच वर्षी न्यायालयाने मूल तिच्या स्वाधीन करून अमेरिकेस परत नेण्याची मुभा दिली. पुण्यातील वास्तव्य अल्प होते, मुलाची मुळे येथे रुजली नव्हती, हा विचार त्यात होता. आता याच्या शेजारी १९९७ चा निकाल ठेवा. त्यात माता अवघ्या काही आठवड्यांचे बालक घेऊन अमेरिकेतून भारतात आली होती आणि प्रकरण अंतिम निर्णयापर्यंत पोहोचले, तेव्हा ते बालक बारा वर्षांहून मोठे झाले होते. न्यायालयाने त्याला मातेजवळच राहू दिले. दोन्ही निकालांत तत्त्व एकच, मुलाचे हित. फरक कॅलेंडरचा आहे.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतून आईने आणलेल्या एका मुलाला परत पाठविण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणात मुलाला दोन वर्षे एका गावाहून दुसऱ्या गावी, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरविण्यात आले होते आणि अखेर सीबीआयने शोध लावला होता. विचार करा, त्या मुलाने त्या दोन वर्षांत मित्र कोणाला म्हटले असेल? २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने लंडनहून आलेल्या माता व कन्येच्या बाबतीत स्पष्ट केले, की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याचा एक घटक आहे, पण केवळ त्या आदेशापोटी मुलाला परत पाठविता येणार नाही, हित अगोदर. ती मुलगी हृदयविकाराने आजारी होती आणि मातेने छळाची तक्रार केली होती. तिला येथेच राहू दिले गेले. उलट २०२० मधील एका प्रकरणात मुलीला अमेरिकेस परत नेण्याचा आदेश झाला. आईने सोबत जावे, तिच्या निवासाची व खर्चाची तरतूद पित्याने करावी, अशी व्यवस्था न्यायालयाने सुचविली. त्याच निकालात आणखी एक उपयुक्त गोष्ट आहे. ज्या पालकाजवळ मूल नाही, त्यालाही, विशेष कारण नसेल तर, रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता आले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. २०२२ मध्ये न्यायालयाने हेही सांगितले, की आईला परदेशी जाऊन राहण्याची सक्ती करता येत नाही. ती तिची वैयक्तिक बाब आहे. मुलाचे जाणे आणि आईचे जाणे हे दोन प्रश्न आहेत.

हे निकाल ऐकून आपण विचाराल, की मग नियम काय? नियम नाही, हेच दुःख आहे. जगातील शंभराहून अधिक देशांनी स्वीकारलेला एक करार आहे. २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे तो झाला. एका पालकाने सोळा वर्षांखालील मूल दुसऱ्याच्या हक्काचा भंग करून सीमेपार नेले आणि वर्षाच्या आत अर्ज झाला, तर ते मूल ज्या देशात नित्य राहत होते तेथे परत पाठवावे आणि ताब्याचा वाद त्या देशाने सोडवावा, असे त्याचे सूत्र. मुलाला गंभीर धोका असेल किंवा समजत्या वयाचे मूल स्वतः विरोध करीत असेल, तर अपवाद आहे. भारत या कराराचा सदस्य नाही. विधि आयोगाने २००९ च्या २१८ व्या अहवालात सदस्य होण्याची शिफारस केली, २०१६ च्या २६३ व्या अहवालात कायद्याचा मसुदा दिला, त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती बिंदल समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. कायदा मात्र आजमितीस झालेला नाही.

यामागे एक खरा संकोच आहे आणि तो मी हलका लेखणार नाही. परदेशात नवऱ्याच्या मारहाणीने, उपासमारीने, व्हिसा त्याच्या हाती असल्याने कोंडलेली स्त्री मूल कवटाळून माहेरी पळून येते. तिला ‘प्रथम परत जा, मग तेथे दाद माग’ असे सांगणे क्रूरपणाचे ठरू शकते. अशा कन्येला आसरा देणाऱ्या माता-पित्यांना मी कधीही दोष देणार नाही. माझे त्यांना एवढेच सांगणे आहे, की आल्याच्या आठवड्यातच येथील न्यायालयात जा. पोलिसांकडील तक्रार, डॉक्टरांचे कागद, तिने बहिणीला पाठविलेले संदेश, सर्व जपून ठेवा. तिकडील न्यायालयाची नोटीस आली तर ती देव्हाऱ्यामागे ठेवू नका, तिला वकिलामार्फत उत्तर द्या. छळाची खरी कहाणी सहा महिन्यांनी सांगितली की ती बनावट वाटू लागते. पळून येणे क्षम्य आहे. गप्प बसणे महागात पडते.

दुसऱ्या बाजूचाही एक धडा आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत आईजवळ वाढलेल्या एका मुलाचा ताबा केनियातील पित्याकडे दिला. अट अशी, की केनियातील न्यायालयाकडून तसाच प्रतिबिंब-आदेश, ज्याला ‘मिरर ऑर्डर’ म्हणतात, तो आणावा, म्हणजे आईचा भेटीचा हक्क तेथेही बंधनकारक राहील. पित्याने हमी दिली, मूल गेले, आणि हमी पाळली गेली नाही. २०२१ मध्ये न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला. २०२२ मध्ये अवमानाबद्दल पित्याला कारावास व दंड सुनावला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा हातदेखील सीमेपलीकडे किती तोकडा पडतो, हे यावरून दिसते. म्हणून संमती देणाऱ्याने डोळे उघडे ठेवून द्यावी. परतीची तारीख, पत्ता, शाळेचे नाव, अनामत रक्कम आणि शक्य असेल तेथे त्या देशातील न्यायालयाचा आदेश, हे मूल विमानात बसण्यापूर्वी पाहावयाचे असते. मागाहून पाहण्यासारखे काही उरत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट.

१९९९ च्या उन्हाळ्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. गाव त्यांना अण्णा म्हणत असे. मीही तसेच म्हणतो. त्यांचा मुलगा अमेरिकेतून चार वर्षांच्या नातवाला सहा आठवड्यांच्या सुटीसाठी घेऊन आला होता. सून नोकरीमुळे तिकडेच होती. दोघांचे पटत नव्हते. मुलाचे परतीचे तिकीट होते, आणि अण्णांना नातू परत पाठवावयाचा नव्हता. मी तेव्हा पंचेचाळिशीत होतो, नाव होत होते. मी सल्ला दिला, की मुलाला याच आठवड्यात येथील बालवाडीत घाला. कारण १८९० च्या कायद्यात मूल ‘सामान्यतः जेथे राहते’ तेथील न्यायालयाला अधिकार मिळतो, आणि बालवाडीचा दाखला हा राहण्याचा उत्तम पुरावा. दाखला आला. मी पालकत्वाचा अर्ज दाखल केला.

सून दोनदा आली. पहिल्या वेळी तिने तीन आठवड्यांची रजा काढली होती. तिच्या मुक्कामात दोन तारखा होत्या. त्यातील दुसऱ्या तारखेला मी मुदत मागितली. दुसऱ्या न्यायालयात काम आहे, असे लिहून दिले. ते खोटे नव्हते. पण ते काम माझा कनिष्ठ सहकारीही करू शकला असता. ती परत गेली. दुसऱ्या वेळी, दीड वर्षाने, न्यायाधीशांनी मुलाला आपल्या दालनात बोलाविले आणि आईला समोर बसविले. मूल मराठीत बोलत होते, उत्तम बोलत होते. न्यायाधीशांनी विचारले, या कोण आहेत? ते म्हणाले, ‘त्या बाई अमेरिकेहून आल्यात.’ मी बाहेर आलो तेव्हा अण्णांनी माझा हात हातात घेतला. आपण जिंकलो, असे त्यांना वाटले. मलाही वाटले. पुढे तडजोड झाली. मूल येथे राहिले, आईने वर्षातून एकदा येऊन भेटावे असे ठरले. काही वर्षे ती आली.

२०१९ मध्ये एक चोवीस वर्षांचा तरुण माझ्या कार्यालयात आला. नाव सांगितल्यावर मी ओळखले. अण्णा तोपर्यंत गेले होते. त्याने रागाने एक शब्द उच्चारला नाही. उच्चारला असता तर बरे झाले असते. त्याने विचारले, ‘काका, आईने त्या वेळी कोर्टात जे लिहून दिले होते, ते मला वाचावयास मिळेल का?’ जुने दप्तर काढण्यास दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तो समोर बसून तिचे प्रतिज्ञापत्र वाचू लागला. मी ते त्या काळी उत्तर देण्यापुरते चाळले होते. अप्रस्तुत मजकूर म्हणून मीच हरकत घेतलेला एक परिच्छेद त्यात होता. मूल रात्री दिवा पूर्ण मालवू देत नाही, भात दह्यात कालवून दिला तरच खाते, झोपताना निळ्या कापडाचा हत्ती उशाशी लागतो, तो घाईत तिकडेच राहिला आहे, तो मी सोबत आणला आहे, कृपया मुलाला द्यावा, अशी विनंती होती. न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत हत्तीचा उल्लेख नाही. तो कोठे गेला हे मला सांगता आले नाही.

तरुणाने त्या पानाची झेरॉक्स मागितली. मी त्याला माझ्याजवळचे संपूर्ण दप्तरच दिले. तो पुढील महिन्यात आईकडे जाणार होता, व्हिसाची मुलाखत झाली होती.

त्यानंतर माझ्या कार्यालयात मी एक पद्धत ठेवली आहे. परदेशातून सुटीसाठी आलेल्या मुलाला परत पाठवावयाचे नाही, असे सांगत कोणी आले, तर प्रथम दुसऱ्या पालकाचा दूरध्वनी क्रमांक मागतो आणि त्यांच्यासमोर लावतो. काही जण क्रमांक देतात. काही जण दुसऱ्या वकिलाकडे जातात. क्रमांक देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेले नाही; गेले तेव्हाही दोन्ही पालकांची सही असलेला सुटीचा तक्ता अगोदरच तयार होता. ट्रस्टच्या विश्वस्तांना मी एक विनंती केली आहे आणि त्यांनी ती तत्त्वतः मान्य केली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी येथील कार्यालयात बसणार आहे. फी नाही. येताना मुलाचा पासपोर्ट आणि आजवर झालेले आदेश यांच्या प्रती आणाव्यात. शक्य झाल्यास दोघांनीही यावे, वेगवेगळ्या वेळी आलात तरी चालेल.